पालकसभेला पालक का येत नाहीत?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली पालकसभा पाहिलेल्या कुणालाही पुढचं वर्णन ओळखीचं वाटेल. फळ्यावर रंगीत खडूनं ‘सहर्ष स्वागत’. समोर टेबल, त्यावर शाल-नारळ, टेबलामागे पाच खुर्च्या: सरपंच, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष आणि कुणीतरी प्रमुख पाहुणे. खाली सतरंजीवर आया, मांडीवर धाकटी पोरं. दाराशी दोन-चार बाप, आत यावं की बाहेरूनच ऐकावं या विचारात. सत्कार होतो, प्रास्ताविक होतं. मग ‘मुलांना रोज शाळेत पाठवा, मोबाइल देऊ नका, गणवेश स्वच्छ ठेवा’ असं तासभर मार्गदर्शन, शेवटी आभार आणि चहा. तेवढ्या वेळात पालकांना एकही प्रश्न विचारला जात नाही. सह्या मात्र सगळ्यांच्या घेतल्या जातात.

पुढच्या सभेला निम्मेच येतात. मग शिक्षकांच्या खोलीतलं वाक्य ठरलेलं: “आपल्याकडचे पालक जागरूकच नाहीत.” तिकडे पारावरचं वाक्यही ठरलेलं: “गुरुजींना आपल्याशी काय देणंघेणं? शाळा सुटली की गाडीला किक.”

शाळेभोवती माणसं धरून ठेवायची तर या दोन वाक्यांमधलं अंतर कमी करावं लागतं. त्यासाठी स्नेहसंमेलन असावं, रांगोळी स्पर्धा असावी, त्याला माझी हरकत नाही. पण कार्यक्रमाला माणसं जमतात आणि पांगतात. ती टिकतात तिथे, जिथे त्यांच्या बोलण्यावर काहीतरी ठरतं. आणि आपल्या कायद्यानं पालकांना ठरवण्यासारखं बरंच दिलेलं आहे. बहुतेक शाळांत ते कपाटातल्या फायलीत असतं, एवढंच.

समिती कुणाची आणि कशासाठी

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे, विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायलाच हवी. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. महाराष्ट्रात ही समिती १२ ते १६ जणांची असते. १२ धरले तर ९ पालक. उरलेल्या तिघांत ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा एक प्रतिनिधी, एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सदस्य-सचिव, म्हणजे बैठक बोलावणं आणि इतिवृत्त लिहिणं त्यांच्याकडे. बैठक महिन्याला एक, आणि दर दोन वर्षांनी नवी समिती.

या रचनेत सरपंचांसाठी किंवा पाहुण्यांसाठी वेगळी खुर्चीच नाही. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी बारातला एक. नऊ पालकांनी मनावर घेतलं तर ठराव त्यांचाच होतो.

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत समितीची मुख्य कामं तीन: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं. आराखडा तीन वर्षांचा असतो. पुढच्या वर्षी पट किती होईल, खोल्या पुरतील का, शिक्षक किती लागतील, काय दुरुस्त करायचं, हे त्यात लिहायचं. कलम २२ नुसार शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचं नियोजन या आराखड्याच्या आधारावर व्हायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं? बरीच इतिवृत्तं आधी लिहिली जातात आणि रजिस्टर मागून गावात फिरतं. चौथीतला पोरगा रजिस्टर काखेत मारून दारोदार जातो, “सरांनी सही सांगितलीय.” भांडी घासता घासता बाई ओला हात पदराला पुसते आणि तो दाखवील तिथे सही करते. ठरावाला सूचक म्हणून तिचं नाव असतं आणि काय सुचवलं ते तिला ठाऊक नसतं. यात मुख्याध्यापकांचाच सगळा दोष आहे असंही नाही. बैठक बोलावली की कोरम होत नाही, आणि वरून कागद मागितले जातात आजच्या आज. पण असं एकदा झालं की ती बाई शाळेच्या हिशेबातून उठते. पुढे तिला ‘तुमचं मत सांगा’ म्हटलं तरी ती “सर म्हणतील तसं” एवढंच म्हणणार.

कडीची गोष्ट

ठरवायचं म्हणजे काय, ते पैशाच्या उदाहरणावरून बघू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दर वर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. योजनेत ठरलेले आकडे असे: पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. ‘मार्चच्या तोंडावर येतं आणि अर्धवट येतं’ ही मुख्याध्यापकांची रड वेगळी, आणि ती खोटी नाही.

समजा ४५ पटाची शाळा आहे, म्हणजे २५ हजार. त्यात वीजबिल, खडू-डस्टर, झाडू-फिनेल, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती. मुख्याध्यापकांनी एकट्यानं यादी केली तर पहिल्या ओळीत वीजबिल येणार, कारण मीटर कापायला वायरमन त्यांच्याकडे येतो. तीच यादी आयांना करायला सांगा. पहिल्या ओळीत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी येईल. कडी नसली की एक मुलगी आत आणि मैत्रीण बाहेर दार ओढून उभी. मैत्रीण आलेली नसली की दिवसभर पाणीच प्यायचं नाही, नाहीतर मधल्या सुट्टीत घर गाठायचं. आणि घरी गेलेली मुलगी दर वेळी परत येतेच असं नाही. हजेरीपटावर दुपारनंतरच्या या गैरहजेरीचं कारण कधी लिहिलेलं सापडत नाही. कडीला लागतात शंभर-दीडशे रुपये आणि अर्धा तास.

वीजबिल महत्त्वाचं नाही असं नव्हे. पण शाळेला जे दिसतं ते घराला दिसत नाही, आणि घराला जे ठाऊक असतं ते शाळेच्या कानावर येत नाही. एकदा कडी बसली आणि ‘समितीत ताईंनी सांगितलं म्हणून बसली’ हे चार घरांत कळलं की पुढच्या बैठकीला त्या चार घरांतून कुणीतरी येतंच. पोषण आहाराचंही तसंच. शाळेत चव रजिस्टर असतं. मुलांना वाढण्याआधी खिचडी कुणीतरी मोठ्यानं चाखून त्यात नोंद करायची. रोज शिक्षकच चाखण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा एखाद्या आईला किंवा आजीला बोलवावं. तिला मीठ-तिखट कळतंच, शिवाय तांदूळ कसा आलाय तेही ती सांगते. स्वयंपाकी ताईंचं मानधन थकलं असेल तर ते गावाला कळतं तेही अशाच वेळी.

शाळेकडून फोन आला की छातीत धस्स का होतं

पैसा-अडका हा सोपा भाग. विश्वास अवघड. अनेक पालकांच्या डोक्यात शाळा म्हणजे त्यांचं स्वतःचं बालपण असतं: छडी, अंगठे धरून उभं राहणं, नापासाचा शिक्का, अर्ध्यात सुटलेलं शिक्षण. त्यात शाळेतून निरोप येतो तो फक्त दोन कारणांनी, पोरानं काही केलं म्हणून किंवा कागद कमी पडला म्हणून. आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला. अशा माणसाला ‘शाळा तुमचीच आहे’ हे म्हणणं खरं वाटत नाही.

यावर मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय असा, की घराशी पहिला संपर्क तक्रारीचा असू नये. जूनमध्ये पहिल्या तीन-चार आठवड्यांत प्रत्येक घरी एक फोन किंवा एक गृहभेट, आणि तीत मुलाबद्दल एक खरी, बघून सांगितलेली गोष्ट. ‘हुशार आहे’ हे चालणार नाही, ते सगळ्यांनाच म्हणतात. “तुमचा पोरगा आज पहिलीतल्या लहान मुलीला नळावर बाटली भरून देत होता” हे चालेल. पुढे ऑगस्टमध्ये वाचनाची अडचण सांगायला फोन केला तर समोरचा ऐकून घेतो. कायद्याच्या कलम २४ मध्ये पालकांशी नियमित भेटून हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच म्हटलं आहे. कसं सांगायचं ते मात्र कायदा शिकवत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हे होत नाही. तिथे सूचना द्याव्यात आणि ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर ठेवावा. एखाद्या मुलाचं नाव घेऊन चारचौघांत काही लिहिलं की ते घर गमावलंच समजा.

न्यू हेवनमधल्या दोन शाळा

हा अविश्वास फक्त आपल्याकडचा नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठातले बालमानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केलं. वस्ती गरीब, मुलं जवळपास सगळी कृष्णवर्णीय, शहराच्या गुणपत्रकात शाळा तळाशी. कोमर स्वतः अशाच घरातले: वडील पोलाद कारखान्यात मजूर, आई लोकांकडे घरकाम करणारी. पहिलं वर्ष गोंधळातच गेलं. पालक आणि शिक्षक एकमेकांवर चिडलेले.

हळूहळू शाळेत एक कारभारी गट उभा राहिला. मुख्याध्यापक त्याचे प्रमुख. शिक्षक, पालक आणि इतर कर्मचारी त्यात. गटाचे नियम मोजके होते. दोष कुणाचा ते शोधत बसायचं नाही, अडचण काय आणि करायचं काय एवढंच बोलायचं. मतदान टाळून सहमतीनं ठरवायचं, कारण मतदानात हरलेला गट पुढे असहकार करतो. आणि गटानं मुख्याध्यापकांचे हात बांधायचे नाहीत, मुख्याध्यापकांनी गटाला शोभेचा करायचं नाही.

कोमर यांनी सांगितलेली एक घटना आहे. दक्षिणेतल्या खेड्यातून आलेला आठ वर्षांचा मुलगा. नातेवाईक बाईनं कामावर जाता जाता त्याला शाळेत सोडलं. वर्गात नेलं तेव्हा शिक्षिकेच्या चेहऱ्यावर ‘आणखी एक’ असा भाव. पोरगा घाबरला, शिक्षिकेच्या पायावर लाथ मारली आणि पळाला. नेहमीच्या शाळेत याची शिक्षा ठरलेली. इथे शिक्षक बसून बोलले: अनोळखी शहर, अनोळखी इमारत, एकही ओळखीचं माणूस नाही, तर मूल दुसरं काय करील? त्यातून नव्या मुलाला वर्गात घेण्याची पद्धतच ठरली. आधी ओळख, मग सोबती, मग वर्ग. पुढे त्यांनी एका वर्गाला सलग दोन वर्षं तीच शिक्षिका ठेवली, म्हणजे ओळख व्हायला लागली की वर्ष संपलं असं होऊ नये. काही वर्षांत गैरवर्तनाच्या तक्रारी घटल्या आणि गुणही वर चढले. कोमर यांचा कार्यक्रम नंतर अमेरिकेतल्या शेकडो शाळांत गेला.

आपल्या दोन शिक्षकी शाळांची सगळे कीव करतात. चार वर्ग आणि दोन माणसं, हे हालच आहेत. पण तिथे तेच गुरुजी किंवा त्याच बाई मुलाला सलग दोन-दोन, चार-चार वर्षं ओळखतात. न्यू हेवनला जे मुद्दाम घडवावं लागलं ते इथे आयतं मिळतं. बदली होईपर्यंत, अर्थात.

गुरुजींची बाजू

बदलीचं नाव निघालंच आहे तर शिक्षकांचंही ऐकू. कलम २७ म्हणतं की जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार याद्या वर्षभर हातात असतात, आणि माहिती ‘तात्काळ’ भरून देण्याचे मेसेज रात्री दहालाही येतात. अशा माणसाला ‘गृहभेटी करा’ हे आणखी एक ओझं वाटतं, आणि त्याला नावं ठेवता येत नाहीत.

शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावीच, राहण्याचा वाद तर जुनाच. गावाचं म्हणणं, गुरुजी तालुक्याहून अप-डाऊन करतात. गुरुजींचं म्हणणं, गावात भाड्यानं खोली मिळत नाही आणि स्वतःच्या मुलांची शाळा तालुक्याला. गावानं हा वाद दर बैठकीत उकरला की दुसरं काही बोलणंच होत नाही. माझ्या मते गावानं राहण्याचा आग्रह सोडून आठवड्यातला एक ठरलेला वेळ मागावा. समजा गुरुवारी शाळा सुटल्यावर एक तास, कुणीही यावं. ठरलेला आणि पाळलेला एक तास पुष्कळ असतो.

शिक्षकांचं आपसात पटत नसेल तर हे काहीच उभं राहत नाही. दोन गट पडलेल्या शाळेत पालकही दोन गटांत वाटले जातात, आणि गावचं राजकारण तर त्यासाठी टपलेलंच असतं. अंगणवाडी सेविका आणि स्वयंपाकी ताई यांना शाळेची माणसं समजलं जात नाही ही आणखी एक चूक. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचं घर सेविकेला आधीपासून माहीत असतं: कुणाचा बाप पितो, कुणाची आई माहेरी गेलीय, कोण आजीकडे राहतं. जूनच्या आधी तिच्यासोबत बसलेला एक तास वाया जात नाही.

जे सतरंजीवरही नसतात

आता मुळात सभेला येऊच न शकणाऱ्यांचं. रोजंदारीवरच्या बाईला सकाळी अकराची सभा म्हणजे एक रोज बुडणं. सभा संध्याकाळी ठेवा, पेरणी-काढणीच्या दिवसांत ठेवू नका, आठवडी बाजाराच्या दिवशी तर नकोच. वस्तीवरच्या लोकांना शाळेत यायला लांब पडत असेल तर एखादी बैठक वस्तीवरच्या देवळासमोर घ्या.

बीड, अहिल्यानगर भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत फडावर. त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहतं आणि जेवण तिथे मिळतं. ती चालवण्यात व्यवस्थापन समितीचा हात असतो. मुलाला सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. हे कुटुंब निघायच्या आधी ठरलं तर उपयोग. ट्रॅक्टर हलल्यावर कार्ड लिहिण्यात अर्थ नाही. म्हणून अशा गावांत ऑक्टोबरची बैठक वर्षातली सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमालाही बोलवावं. पालक फडावर असताना पालक म्हणजे आजी, हेही लक्षात ठेवायचं. वर्गणीच्या यादीत तिचं नाव असतं, बैठकीच्या यादीत नसतं.

मेळघाटात घरात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. तिथे शाळेची मराठी आयांना परकी वाटते. बैठकीत एखाद्या मोठ्या मुलीनं किंवा गावच्याच शिकलेल्या पोरानं दोन्हीकडचं सांगितलं तर आया बोलतात, आणि बोलल्या की थांबत नाहीत.

आयांना बोलतं करण्याचा एक प्रयोग राज्यात बऱ्यापैकी रुजला. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावानं पहिलीत येणाऱ्या मुलांचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात. वेगवेगळे कोपरे मांडलेले: इथे उड्या, तिथे चित्रावरून बोलणं, पलीकडे मोजणं. आई मुलासोबत एकेका कोपऱ्यावर जाते आणि त्याला काय येतं, काय नाही, ते स्वतः बघते. मग गल्लीतल्या चार-पाच आयांचा माता गट. घरी करायची कामं अगदी साधी: धान्य निवडून वेगळं करणं, पायऱ्या मोजत चढणं, दिवसभरातली गोष्ट सांगणं. ज्या आईला अक्षर वाचता येत नाही तिलाही हे जमतं, आणि ‘आपण मुलाला शिकवू शकतो’ हे तिला पहिल्यांदा कळतं. पालकसभेतल्या दहा भाषणांपेक्षा मला हा एक गट मोलाचा वाटतो. तो मे महिन्यानंतर विरून जातो, हे खरं दुखणं आहे.

लोकवर्गणीबद्दल थोडं

लोकसहभाग म्हणजे वर्गणी, असं समीकरण होऊन बसलंय. भिंतीवर देणगीदारांची नावं रंगवलेली: अमुक यांजकडून पंखा, तमुक यांजकडून पाण्याची टाकी. देणाऱ्याचं कौतुक व्हावंच. पण ज्याच्या घरात देण्यासारखं काही नाही त्याच्या मुलीला ती भिंत रोज वाचावी लागते. गवंड्यानं एक दिवस देऊन पायरी बांधली, वायरमन बापानं स्विचबोर्ड बसवला, आजीनं ओव्या सांगितल्या, तर तेही त्याच भिंतीवर त्याच अक्षरांत यावं. आणि जमा-खर्च दर तिमाहीला फळ्यावर. हिशेब दिसत नसेल तर गावात तो आपोआप तयार होतो, आणि तो कधीच शाळेच्या बाजूचा नसतो.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांच्या समाज-सहभाग गटात पहिल्या दहांत निवडली गेली. अशा शाळांच्या सहली काढल्या जातात, फोटो येतात. बघून आलेल्यांना तिथली इमारत आठवते. तिथले गावकरी महिन्याला किती वेळा एकत्र बसतात हे विचारून आलेलं माणूस विरळा.

खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पालकांना वर सांगितलेली समिती लागू नाही, पण महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, आणि कार्यकारी समितीतले पालक सोडतीनं निवडायचे. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवावा लागतो. सोडत झाली की नाही आणि चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघाल्या की नाही, एवढं विचारलं तरी पुष्कळ गोष्टी समजतात.

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतल्या पालकांनी सुरुवात करायची तर मुख्याध्यापकांकडे तीन कागद मागावेत: समितीच्या सदस्यांची यादी, चालू वर्षाचा शाळा विकास आराखडा आणि मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो आणि कागदही मिळतात. नाहीच मिळाले तर आधी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. मुलाच्या हक्काबाबतची तक्रार असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.